आधी मुलीचं नाही, आधी तुमचं रक्त

(ओळख पटू नये म्हणून पत्रातले काही तपशील बदललेत.)

पत्र लिहिणाऱ्या ताई ३३ वर्षांच्या. माहेर निपाणीकडचं, सासर खानापूर तालुक्यात, नवरा उद्यमबागच्या फौंड्रीत कामाला. वडील तंबाखूच्या वखारीत होते, ताई शाळेत असतानाच गेले, वय ४१. दोन वर्षं मूळव्याध म्हणून औषधं चालली होती. आता धाकट्या भावाचं, वय २९, तसंच रक्त जायला लागलं, त्यानंही आधी मूळव्याधीचीच पुडी घेतली, शेवटी बेळगावात कोलोनोस्कोपी (शौचाच्या वाटेनं नळी घालून तपासणी) केली तर मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेल्या छोट्या गाठी, आणि एका ठिकाणी कॅन्सर. ऑपरेशन झालं, जीन टेस्ट झाली, रिपोर्टात 'एपीसी' नावाच्या जीनमधे बिघाड आला. डॉक्टर म्हणाले बहिणींनी पण टेस्ट करून घ्या. आई नको म्हणते, कारण २३ वर्षांच्या धाकटीला स्थळं येतायत. 'ती माझ्यावर गेलीय, तिला काही होत नाही' असं आईचं म्हणणं. सासरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. ताईंना ११ वर्षांची मुलगी आणि ७ वर्षांचा मुलगा आहे. त्या विचारतात, सासरी न कळवता निदान मुलीचं रक्त तपासून घेऊ का? स्वतःची टेस्ट करायची भीती वाटते, टेस्ट केली की आजार मागं लागतो असं वाटतं. आणि एका ओळखीच्यानं स्टेम सेल थेरपीचं पॅकेज सांगितलंय, ते घ्यावं का?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना त्या मूळव्याधीच्या दोन वर्षांवरच अडकले. आपल्याकडं शौचातनं रक्त म्हटलं की मूळव्याध, विषय संपला, बस स्टँडपासून बाजारापर्यंत भिंतीवर बोर्ड तेच, लाजेची जागा म्हणून कुणी दाखवत नाही आणि दाखवलं तरी कुणी आत नळी घालून बघत नाही. वडिलांचं काय झालं होतं ते आता नक्की सांगता येणार नाही, रिपोर्टच नाहीत, पण भावाचा रिपोर्ट बघता वखारीतल्या तंबाखूवर जो आळ आलाय तो बहुतेक चुकीचा आहे. (तंबाखू बरी असं म्हणत नाही मी, गैरसमज नको.)

मी डॉक्टर नाही, कॉलेजात बायॉलॉजी शिकवून रिटायर झालेली बाई आहे, तेव्हा औषधपाण्याचं डॉक्टरच सांगतील. पण तुमच्या प्रश्नाचा क्रम मला उलटा वाटतो तेवढं आधी सांगते. तुम्ही म्हणता मुलीचं रक्त तपासू. का? कारण स्वतःचं तपासायला भीती वाटते आणि मुलीचं गुपचूप होऊन जाईल. पण हा बिघाड आजोबांकडनं नातीत थेट उडी मारून जात नाही, मधे तुम्ही आहात. तुमच्यात तो नसेल तर तुमच्या दोन्ही मुलांना तो तुमच्याकडनं येऊच शकत नाही, त्यांची टेस्टच लागत नाही, प्रश्न तिथंच मिटला. म्हणजे एका सुईत तिघांचं उत्तर. आणि मुलीचं आधी तपासून तिच्यात निघालं तर तुमच्यातही आहेच हे आपोआप कळणार, फक्त ते तुम्हाला लेकीच्या रिपोर्टवरनं कळणार, जे कुठल्याच आईच्या वाट्याला येऊ नये असं मला वाटतं.

आता 'आमच्या घरात कॅन्सरचा जीन आहे' असं तुम्ही लिहिलंय त्याबद्दल. असं नाही हो. एपीसी हा जीन तुमच्या सासूबाईंच्यातही आहे, माझ्यातही आहे, गल्लीतल्या सगळ्यांच्यात आहे आणि तो आहे म्हणून आपण धड आहोत. तो ब्रेक आहे. भावाच्यात त्या ब्रेकची एक प्रत जन्मापासून बिघडलेली आहे.

ब्रेक कशाचा, ते जरा निवांत सांगते, कारण ते कळलं की निम्मी भीती जागेवर येते असं माझा अनुभव सांगतो. आतड्याच्या आतल्या अस्तरात बारीक बारीक खळगे असतात, डोळ्याला न दिसणारे, लाखोंनी. प्रत्येक खळग्याच्या तळाशी थोड्या स्टेम सेल बसलेल्या असतात. आता तुम्ही भातकरी घरातल्या, तुम्हाला वेगळं सांगायला नको, सुगीत सगळं भात खायला घेत नाहीत, थोडं बियाण्याचं म्हणून बाजूला ठेवतात, कितीही नड आली तरी त्याला हात लावायचा नाही, पुढच्या वर्षीचा तरवा त्यातनं. स्टेम सेल म्हणजे हे बियाण्याचं भात. त्या स्वतः तळाशीच राहतात आणि नवीन पेशी तयार करून वर ढकलत राहतात, त्या पेशी सरकत सरकत वर येतात, आपलं काम करतात आणि चार-पाच दिवसांत गळून पडतात. आतड्याचं अस्तर असं सारखं नवं होत असतं, आपल्याला पत्ताही नसतो.

पण बियाणं उगवायला 'वाढा' असा निरोप लागतो. आतड्यात त्या निरोपाचं नाव विंट. या नावाची गोष्ट मला फार आवडते, वर्गात सांगायची तेव्हा पोरं जांभया द्यायची तो भाग वेगळा. १९७३ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या आर. पी. शर्मा यांनी फळांवर घोंघावणाऱ्या बारक्या माशीतला एक बिघाड नोंदवला, त्यात माशीला पंखच येत नव्हते, म्हणून नाव दिलं 'विंगलेस'. पुढं १९८२ ला रोएल नुसे आणि हॅरॉल्ड वार्मस यांना उंदराच्या स्तनाच्या कॅन्सरमधे एक जीन सापडला, त्याचं नाव 'इंट-१'. १९८७ मधे कळलं की माशीचा पंखवाला जीन आणि उंदराचा कॅन्सरवाला जीन एकच. दोन्ही नावं जोडून झालं विंट. म्हणजे जो निरोप पंख घडवतो तोच नको तिथं सुरू राहिला तर गाठ करतो.

एपीसी इथं येतो. पेशीच्या आत बीटा-कॅटेनिन नावाचं एक प्रोटीन असतं, विंटचा निरोप ते आत केंद्रकापर्यंत नेतं आणि तिथं वाढीचे जीन चालू करतं. निरोप नसतो तेव्हा एपीसी आणि त्याचे दोन-तीन जोडीदार मिळून या बीटा-कॅटेनिनला पकडतात आणि मोडीत काढायला पाठवतात, सारखं, दिवसरात्र. निरोप आला की ही टोळी थांबते, बीटा-कॅटेनिन साठतं, पेशी वाढते. खळग्याच्या तळाशी निरोप जोरात असतो, वर सरकू तसा कमी होत जातो, म्हणून वाढही आपोआप थांबते. एपीसी मोडलं की निरोप असो नसो, पेशीला वाटतं वाढायचा हुकूम चालूच आहे.

मग तुम्ही विचाराल, एक प्रत बिघडलेली आहे तर जन्मल्याबरोबर का नाही झालं, २९ वर्षं कुठं गेली? प्रत्येक जीनच्या आपल्याकडं दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक बिघडली तरी दुसरी काम भागवते. कॅन्सरला दोन्ही जाव्या लागतात, हे गणित आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मधे मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरवरनं मांडलं होतं. लाखो खळग्यांतल्या कुठल्यातरी एका पेशीत कधीतरी दुसरी प्रतही जाते आणि तिथं पॉलिप उगवतो. ज्याची एक आधीच गेलेली आहे त्याला असे पॉलिप शेकड्यांनी येतात, बहुतेकांना तेरा-चौदापासून वीस वर्षांच्या मधे सुरुवात होते.

यात एक बारकावा आहे. हा बिघाड वरच्या साध्या पेशीत झाला तर बहुतेक वेळा काही होत नाही, ती चार दिवसांत गळूनच पडणार असते. तळाच्या स्टेम सेलमधे झाला तर मात्र ती जात नाही, बियाण्यालाच कीड लागल्यासारखं होतं. नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटानं २००७ मधे या स्टेम सेलची ओळखखूण शोधली आणि २००९ मधे उंदरांवर हेच दाखवलं, स्टेम सेलमधला एपीसी काढला की गाठी भराभर वाढल्या, वरच्या पेशींतला काढला तर सुरुवात होऊनही बहुतेक तिथंच अडकल्या.

आणि हे तुमच्या माहेरचंच खूळ आहे असं कुणी म्हणालं तर सांगा, ज्यांच्या घरात असा वारसा अजिबात नाही अशा लोकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर होतो त्यातही साधारण दहातल्या आठ जणांच्या गाठीत एपीसी मोडलेलाच सापडतो, फक्त त्यांच्या दोन्ही प्रती जन्मानंतर, त्या एका पेशीत बिघडलेल्या असतात. तुमच्यासारखी घराण्यात चालत आलेली केस शंभरात एकसुद्धा नसते. पण जिच्या घरात आहे तिला शंभरातल्या नव्याण्णवांचं काय करायचं, ते मलाही कळतं.

एवढं सगळं सांगितलं ते 'टेस्ट केली की आजार मागं लागतो' या तुमच्या वाक्यासाठी. लागायचं असेल तर ते तुमच्या जन्माआधीच ठरलंय ताई, टेस्ट फक्त वाचून दाखवते. उलट न वाचल्यामुळं काय होतं ते तुम्ही घरात बघितलंय. या आजारात उपचार केले नाहीत तर कॅन्सर जवळजवळ सगळ्यांनाच होतो आणि सरासरी चाळिशीच्या आसपास. वाचायला कडू आहे, मला माहितीय. पण याचीच दुसरी बाजू अशी की पॉलिप दिसायला लागल्यापासून कॅन्सर होईपर्यंत मधे बरीच वर्षं मिळतात, कॅन्सरच्या बाबतीत इतकी आगाऊ सूचना क्वचितच मिळते. त्या वर्षांत नळी घालून बघत राहायचं आणि पॉलिप फार झाले की वेळेत आतडं काढून टाकायचं. भावाला ती वर्षं मिळाली नाहीत कारण कुणाला माहीतच नव्हतं.

'ती माझ्यावर गेलीय' हे आईंचं. नाकडोळे आईचे, रंग आईचा, स्वभाव आईचा, सगळं खरं असेल. पण प्रत्येक लेकराला वडिलांच्या दोन प्रतींतली कुठली यायची ते नाणं उडवल्यासारखं, निम्मी शक्यता, दर वेळी नव्यानं. भावाला आली म्हणून बहिणी सुटल्या असं होत नाही, आणि बहिणींनाही येणारच असंही नाही. चेहऱ्याचा आणि या जीनचा काही संबंध नाही, मुलगा-मुलगीचाही नाही.

धाकटीचं जरा नाजूक आहे. आईंची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, आपल्याकडं 'त्यांच्यात काहीतरी आहे' एवढं एक वाक्य निपाणीपासून खानापुरापर्यंत स्थळाच्या आधी पोचतं. पण तेवीस वर्षांची मुलगी आहे ती, तिच्या रक्ताचा निर्णय आईनंही घ्यायचा नाही आणि तुम्हीही नाही. तिला सगळं समजावून सांगा, मग ती टेस्ट नको म्हणाली तरी तो तिचा हक्क, फक्त मग कोलोनोस्कोपी तरी करत राहावं लागेल, दोन्ही नको असं नाही चालत. मला विचाराल तर स्थळ पक्कं व्हायच्या आत टेस्ट झालेली बरी. नाही निघालं तर मोकळी. निघालं तर कांदेपोह्याला आलेल्या प्रत्येकाला सांगायची गरज नाही, पण जमतंय असं दिसलं की सुपारी फुटायच्या आधी मुलाला, नुसतं मुलाला, सांगायचं. लपवून केलेलं लग्न पहिल्या ऑपरेशनला उघडं पडतं आणि मग आजारापेक्षा फसवणुकीवरच भांडण होतं. एक गोष्ट तिनं डॉक्टरांना मुद्दाम विचारावी, आतडं काढताना गुदाशयही काढून लहान आतड्याची पिशवी करायची झाली तर बायकांना नंतर दिवस राहायला त्रास होऊ शकतो, त्यामुळं कुठलं ऑपरेशन आणि मुलं व्हायच्या आधी की नंतर, याचा विचार आधीच करता येतो. माहीत असेल तरच करता येतो म्हणा.

स्टेम सेल थेरपीचं पॅकेज घेऊ नका. इथं मी गोड बोलणार नाही. वर वाचलंत तसं इथं स्टेम सेल कमी पडल्यात असं काही नाही, त्यांना थांबायचं कसं ते कळेना ही अडचण आहे, आणि त्यात आणखी सेल ओतून काय होणार? शिवाय हा बिघाड अंगातल्या प्रत्येक पेशीत असतो. बाळाच्या नाळेचं रक्त साठवलेलं असलं तरी बाळात बिघाड असेल तर त्या रक्तातही तोच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाईडलाइन्स स्पष्ट आहेत, रक्ताच्या ठरावीक आजारांत करतात ते स्टेम सेल ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी सगळं अजून प्रयोगात आहे आणि प्रयोगासाठी पेशंटकडनं पैसे घ्यायचे नसतात. ओळखीच्या माणसाला कमिशन किती ते एकदा विचारून बघा, चेहरा बघण्यासारखा होईल.

आता करायचं काय. आधी नवऱ्याला सांगा, टेस्टच्या आधी, निकालानंतर नाही. निकाल वाईट आला तर त्या दिवशी तुम्हाला कुणीतरी जवळ लागेल आणि तेव्हा 'आधी का नाही सांगितलंस' हे ऐकायची ताकद नसेल. फार समजावत बसू नका, 'भावाला जे झालं ते बहुतेक वडिलांकडनं आलंय, माझ्यात आहे का नाही ते एका टेस्टनं कळतं, माझ्यात नसलं तर पोरांचं टेन्शनच नाही' एवढं पुरे. पोरांचं नाव निघालं की फौंड्रीतनं दमून आलेला माणूस पण उठून बसतो. सासूबाईंना निकालानंतर सांगितलं तरी चालेल, ते तुम्ही दोघं ठरवा.

मग भावाचा रिपोर्ट मागून घ्या, डिस्चार्ज कार्ड नाही, जीनचा रिपोर्ट. त्यात एपीसीच्या पुढं इंग्रजी सी, मग टिंब आणि आकडे-अक्षरं अशी एक ओळ असते, तो तुमच्या घरातल्या बिघाडाचा पत्ता. तुमच्या टेस्टमधे फक्त तेवढीच जागा बघायची असते, म्हणून ती भावाच्या टेस्टपेक्षा स्वस्त पडते, लॅबवाल्यानं पूर्ण पॅनेल (बऱ्याच जीनची एकदम तपासणी) गळ्यात मारायला बघितलं तर विचारा कशाला म्हणून. त्याच ओळीत शेवटी 'पॅथोजेनिक' (आजार करणारा) किंवा 'लाइकली पॅथोजेनिक' (बहुतेक आजार करणारा) लिहिलंय का बघा. 'व्हीयूएस' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ अजून कुणाला लागलेला नाही, तेव्हा त्यावरनं बहिणींची टेस्ट करत नाहीत, मग सरळ कोलोनोस्कोपीचा रस्ता. रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टर कन्नडमधे सांगणार, घरात मराठी, आपल्या भागातलं हे रोजचंच आहे, पण 'डॉक्टर, मराठीतनं सांगा की' म्हणायला लाजू नका, बेळगावात मराठी समजणारं कुणी ना कुणी त्या वॉर्डात असतंच. जेनेटिक काउन्सेलर, म्हणजे वारशानं येणाऱ्या आजारांबद्दल समजावून सांगणारा सल्लागार, भेटवून द्या असंही म्हणा, काही ठिकाणी फोनवरनंही बोलतात.

तुमच्यात निघालं तर पहिल्यांदा तुमची कोलोनोस्कोपी, लगेच, आणि वरनं तोंडातनं पण एंडोस्कोपी, कारण या आजारात लहान आतड्याच्या सुरुवातीलाही पॉलिप येतात. मग मुलीची टेस्ट. ११ वय अगदी बरोबर आहे, साधारण १० ते १२ मधेच करतात, आणि तिच्यात निघालं तरी लगेच ऑपरेशन नाही, वर्षा-दोन वर्षांनी नळीनं बघत राहायचं, ऑपरेशन बहुतेकांचं विशीच्या आसपास, शाळा-कॉलेजच्या सुट्ट्या बघून ठरवता येतं. मुलगा सातचा आहे, त्याला अजून तीनेक वर्षं सुखानं खेळू द्या. ऑपरेशननंतर माणूस जेवतो, कामाला जातो, फक्त संडासला जास्त वेळा जावं लागतं, आणि तपासण्या पुढंही चालू ठेवाव्या लागतात, भावालाही हे सांगा, ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो असं त्याला वाटत असेल.

पैशाचं. तुमचं रेशन कार्ड कर्नाटकाचं असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमधे बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, जीन टेस्ट त्यात बसते का ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला आधी विचारा. महाराष्ट्रानं २०२३ मधे सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू केली, त्यावरनं दोन्हीकडं काय राजकारण झालं ते तुम्ही बघितलंच, त्यामुळं कुठलं कार्ड कुठं चालतंय ते दवाखान्यात जायच्या आधी फोन करून पक्कं करा, स्ट्रेचरवर पडून नको.

मुलगी 'मामाला काय झालंय' विचारते असं शेवटी लिहिलंत. पोटात गाठी झाल्या होत्या, काढल्या, आता डॉक्टर आमच्या पण पोटात बघणार आहेत, एवढं सांगा, अकराव्या वर्षी एवढं झेपतं. कुजबुज जास्त घाबरवते.

आणि हो, या जीनच्या टेस्टला उपाशीपोटी जावं लागत नाही. सकाळी चहा-चपाती खाऊन निघा, खानापूरची पहिली गाडी पकडलीत तर दुपारच्या आत परत याल.